फोटोची मागची बाजू

जुना फोटो हातात आला की मी आधी तो उलटा करते आणि चेहरा नंतर बघते. गिऱ्हाइकाला याचं नवल वाटतं. पण बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या आमच्या या सीमाभागात पुठ्ठ्याच्या मागे जे लिहिलेलं असतं, त्याशिवाय पुढचा चेहरा अर्धाच कळतो. मागे कुठे उर्दूत तारीख असते, कुठे मोडीत नाव, कुठे कानडीत गाव, तर कुठे बाळबोध मराठीत ‘पाहून परत करणे’. एका वतनदार घरातून आलेल्या फोटोवर या चारही लिप्या होत्या. आजोबांनी मोडीत लिहिलं, कचेरीत नोकरीला असलेल्या मुलानं उर्दूत, शाळेत गेलेल्या नातवानं मराठीत आणि पणतीनं कानडीत. पणती स्वतःच फोटो घेऊन आली होती. तिला त्यातली फक्त शेवटची ओळ वाचता येत होती.

मी भालकीत लग्न होऊन आले ती फोटो स्टुडिओच्या घरात. सासरे त्याआधी कितीतरी वर्षं या धंद्यात होते. निजामाच्या राज्यात ते पोरवयात एका उस्तादाच्या हाताखाली जत्रांमधून फिरले. खानापूरच्या मैलार मल्लण्णाची जत्रा, हुमनाबादला वीरभद्रेश्वराची, माणिकनगरला दत्तजयंती, गाणगापूर, आळंद आणि कलबुर्गीचे उरूस. तिपाईवर लाकडी कॅमेरा, मागे काळं फडकं, बाजूला पाण्याची बादली. माणूस उभा राहायचा आणि थोड्या वेळात ओला फोटो हातात घेऊन जायचा. पुढे त्यांनी गावात जागा घेतली आणि उत्तरेच्या बाजूला काचेचं छप्पर घातलं, म्हणजे दिवसभर सावलीचा एकसारखा उजेड मिळे. मी आले तेव्हा वीज होती, दिवे होते, पण सासऱ्यांचा विश्वास त्या उत्तरेच्या उजेडावरच होता.

मला कामाला लावलं ते रिटचिंगच्या. टोकदार कडक पेन्सिलीनं नेगेटिव्हवरचे डाग भरायचे, प्रिंटवर राहिलेले पांढरे ठिपके बारीक ब्रशनं शाईने मिळवायचे, कुणाला हवं असेल तर ओठांना, साडीला, पागोट्याला रंग द्यायचा. हात बसायला वेळ लागला. सासरे पहिल्यापासून एकच गोष्ट बजावत, की कॅमेऱ्याची चूक पुसायची, माणसाची खूण पुसायची नाही. धूळ, ओरखडा, बुरशी, हायपो नीट न धुतल्यानं चढलेला पिवळेपणा हे सगळं काढायचं. देवीचे व्रण ठेवायचे.

सासरे असं का म्हणत हे मला पुढे उमगलं, जुन्या फोटोंची कामं वाढली तेव्हा. १९४० च्या आधीचे आमच्या भागातले फोटो नीट बघितले तर देवीचे व्रण असलेले चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. त्यानंतर जन्मलेल्यांनी तो चेहरा पाहिलेलाच नाही. नातवंडं फोटो आणतात आणि सांगतात, ‘हे खड्डे काढून टाका, आजी छान दिसायला पाहिजे.’ मी त्यांना बसवते आणि सांगते, की तुमची आजी देवी येऊन जगली, वाचली, म्हणून तुम्ही इथे बसला आहात. बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना मी काम परत देते. धंद्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं नाही, पण या बाबतीत मी कधी माघार घेतलेली नाही.

सासऱ्यांच्या काळच्या फोटोंमध्ये एक काळा कोट आहे. तो आमच्या स्टुडिओचा कोट. खुंटीला टांगलेला असे. ज्याला हवा त्यानं घालावा. मोठा झाला तर मागून टाचण्या लावायच्या. त्याचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं आणि त्या जागी वेगळं बटण शिवलेलं होतं. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या जातीधर्मांच्या घरांतून जुने फोटो दुरुस्तीला येतात आणि त्यात मला तोच कोट दिसतो. आतमध्ये धोतर, डोक्याला पटका आणि वर तो कोट. कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या हातात पुस्तक, कुणी मनगट पुढे केलेलं, घड्याळ दिसावं म्हणून. पुस्तक धरलेल्यांतले कित्येक जण निरक्षर होते, हे त्यांच्याच घरचे सांगतात.

पूर्वी मला हे खोटं वाटायचं. माणूस शेतात जसा असतो तसा फोटोत यायला हवा, असं वाटायचं. माझं मत बदललं ते कलबुर्गीच्या कापड गिरणीत, महबूबशाही मिलमध्ये, काम केलेल्या एका दलित कुटुंबाच्या फोटोनं. बाप मधोमध उभा, कोट, पँट, पायात बूट, शेजारी बायको, पुढे दोन मुलं, सगळे कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन. फोटो घेऊन आलेला मुलगा तेव्हा म्हातारा झाला होता. तो म्हणाला, ‘गावात आमच्या बापाला पाटलाच्या वाड्यासमोरून चप्पल घालून जाता येत नव्हतं. बूट घालून फोटो काढायचा म्हणून तो पगारातून पैसे साठवत होता.’ त्या फोटोत बूट स्वच्छ दिसावेत म्हणून मी जेवढी मेहनत घेतली तेवढी चेहऱ्यावरही घेतली नसेल. स्टुडिओत आलेला माणूस आपल्याला जगानं कसं बघावं हे स्वतः ठरवून आलेला असतो. त्याचं ते ठरवणं खरंच असतं. शेतातला माणूस आणि कोटातला माणूस, दोघंही तोच.

याची उलट बाजू मी पुस्तकांत पाहिली. इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यात चारशेहून जास्त छायाचित्रं आहेत, देशभरच्या माणसांची. हैदराबाद संस्थानापुरतं असंच पुस्तक १९२० साली सय्यद सिराज उल हसन यांनी केलं. निजामाच्या मुलखातल्या जाती-जमातींची त्यात माहिती आहे. अशा पुस्तकांच्या छायाचित्रांखाली बहुधा जातीचं नाव असतं, माणसाचं नसतं. ‘एक धनगर’, ‘एक लंबाणी स्त्री’. त्या बाईच्या अंगावरची कांचळी, हातातले हस्तिदंती चुडे, गळ्यातली नाणी सगळं बारकाईनं दिसतं. पण ती कुणाची कोण, तिला तिथे उभं राहायचं होतं का, हे कुणी विचारल्याचं दिसत नाही. अभ्यासाला या चित्रांचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण मला ती पानं उलटताना त्रास होतो. आमच्या तालुक्याच्या स्टुडिओतला टाचण्या लावलेला कोट मला त्याहून जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो घालणाऱ्यानं स्वतः मागून घेतलेला होता.

राजेरजवाड्यांच्या फोटोंचं नशीब वेगळं. लाला दीनदयाळ हे सरधन्यात १८४४ साली जन्मलेले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेले गृहस्थ सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ होता आणि हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी १८९२ साली वेगळा जनाना स्टुडिओ निघाला, तिथे फोटो काढायला बाईच होती. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या प्लेटा आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. नवाब, सरदार, शिकारी, महाल, सगळं शाबूत आहे.

तालुक्याच्या गावांतल्या प्लेटांचं काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फिल्म आली, काचेच्या प्लेटा अडगळ झाल्या. काच चांगली जाड, सपाट. फेकायला जीव होत नसे. मग ती गरम पाण्यात भिजवायची, वरचा थर खरवडून काढायचा आणि स्वच्छ काच फ्रेमला लावायची. हाफ प्लेट, फुल प्लेट, मापंही फ्रेमांची तीच. कितीतरी घरांत देवघराशेजारी लावलेल्या आजोबांच्या फोटोवरची काच म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी धुतलेल्या चेहऱ्याची काच आहे. जुनी फ्रेम उघडताना कधी कधी काचेच्या कडेला न खरवडलेली काळी पट्टी सापडते. तिच्यात एखादा खांदा असतो, पडद्यावरचा खांब असतो, खुर्चीचा पाय असतो. मी त्या कडा ठेवून देते. त्यांचं काय करायचं हे मला सुचलेलं नाही, पण टाकवत नाहीत.

तारखांचं आमच्याकडे एक वेगळं शास्त्र आहे. निजामाच्या कारभारात फसली साल चाले. ते ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. इसवी सन काढायचा तर फसली सालात, महिना ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९० मिळवायचे, पुढचे महिने असतील तर ५९१. मागे १३४६ लिहिलं असेल तर १९३६-३७ चा फोटो. माहीत नसलेले लोक त्याला हिजरी समजतात आणि फोटो दहा वर्षांनी जुना करतात. दर लिहिलेला असेल तर तोही निजामाच्या हाली रुपयांत. हे सगळं मी शिकले ते एका निवृत्त उर्दू मास्तरांकडून आणि एका पटवाऱ्याकडून, ज्यांना मोडी सरसर वाचता येई. दोघंही आता नाहीत. त्यांच्यानंतर मोडी ओळ आली की मला तिचा फोटो काढून लातूरला, पुण्याला पाठवावा लागतो.

गावांच्या नावांनीही फसायला होतं. मागे ‘जिल्हा बीदर’ लिहिलंय म्हणून फोटो कर्नाटकातल्या गावचा असं नसतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आमच्याच जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, बीदर म्हैसूर राज्यात राहिले. त्यामुळे एकाच घरचे फोटो तीन राज्यांत आहेत. लेकी उदगीरला, देगलूरला दिल्या, त्यांच्याबरोबर माहेरचे फोटो गेले. एका लग्नातल्या सामूहिक फोटोची मूळ प्रत मला बसवकल्याणच्या घरात मिळाली, पण ती कसरीनं खाल्लेली होती. नवरदेवाच्या बाजूची सगळी माणसं गेली होती. दुसरी प्रत निलंग्याला नवरीच्या नातीकडे निघाली, त्यात नवरदेवाची बाजू शाबूत. दोन्ही जोडून फोटो पुरा केला. ही दोन घरं तोपर्यंत एकमेकांना ओळखत नव्हती. त्या कामानंतर त्यांच्यात येणंजाणं सुरू झालं, याचा मला आजही आनंद वाटतो.

१९४८ च्या फोटोंबद्दल लिहिणं अवघड आहे, पण ते टाळून आमच्या भागातल्या जुन्या फोटोंबद्दल बोलताच येत नाही. त्या वर्षी निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी या गावांमध्ये काय केलं, बसवकल्याणजवळच्या गोरट्यात काय घडलं, हे आमच्याकडे घराघरांत सांगितलं जातं. सप्टेंबरात भारतीय सैन्याची पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर मुसलमान कुटुंबांवर जे ओढवलं ते फार कमी सांगितलं जातं. नंतर केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली असं नोंदवलं, त्यांत बीदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) हे दोन्ही होते. या काळातले फोटो दुरुस्तीला येतात ते विचित्र अवस्थेत. ज्वारीच्या पेवात लपवलेले, ओलीनं कुजलेले. दुमडून दुमडून कमरेच्या पिशवीत ठेवलेले. एका मुसलमान बाईनं आणलेला फोटो तिच्या सासूनं पिठाच्या डब्यात तळाशी ठेवला होता. नवऱ्याचा तेवढाच फोटो होता. नवरा त्या वर्षी गेला. शेरवानी, रुमी टोपी, पंचविशीतला मुलगा. चेहऱ्यावरून एक चीर गेली होती. ती जुळवायला मला खूप दिवस लागले, कारण डाव्या डोळ्याचा कोपरा अंदाजानं भरावा लागणार होता आणि अंदाज मला करायचा नव्हता. शेवटी तो कोपरा मी रिकामा, फिकट ठेवला. बाईंनी फोटो घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘जितना है उतना बस है, बेटी.’

याच्या उलट मागणीही येते. जुन्या फोटोत आजोबांच्या शेजारी कुणी अंमलदार, कुणी जागीरदार बसलेला असतो. त्याला काढा म्हणतात. डोक्यावरची रुमी टोपी काढून फेटा घाला म्हणतात. त्या काळी हिंदू वकील, मास्तर, कारकूनही ती टोपी घालत, हे पुढच्या पिढीला ठाऊक नसतं. संगणकावर हे काम चहा पिता पिता होण्यासारखं आहे. मी ते करत नाही. फोटोतून माणूस काढणं म्हणजे तो तिथे नव्हताच असं पुढच्यांना सांगणं आहे.

मयताचे फोटो हा या धंद्याचा एक मोठा भाग होता, आता उरलेला नाही. जिवंतपणी फोटो काढायचं राहून जाई आणि माणूस गेल्यावर स्टुडिओवाल्याला बोलावणं येई. खुर्चीत बसवून, हार घालून, भोवती घरची माणसं उभी करून फोटो काढत. नंतर म्हणत, डोळे उघडे करा. मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढायचं काम माझ्याकडे असे. ते मी नुसत्या कौशल्यावर कधी केलं नाही. घरातल्या एखाद्या मुलीला शेजारी बसवून घ्यायची आणि विचारायची, दादा बघायचे कसे? ती सांगायची, ‘बोलताना जरा वर बघायचे’, ‘एक डोळा बारीक होता’. मग काढायची. मेलेल्याचा डोळा काढायला जिवंत माणसाची आठवण लागते, ती नसेल तर नुसती बाहुली होते.

याच कामातला एक प्रसंग माझ्या सगळ्या धंद्याला वळण देऊन गेला. औरादकडच्या एका खेड्यातून दोन भाऊ आले. आई वारली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता, मयताचासुद्धा नाही. बरोबर आईची धाकटी बहीण होती. तिला आईचं इरकली लुगडं नेसवलं, आईची बोरमाळ घातली, आईसारखं मोठं कुंकू लावलं. भाऊ म्हणाले, ‘मावशी अगदी आईसारखी दिसती. हिचा फोटो काढा, भिंतीला आई म्हणून लावतो.’ मावशी खुर्चीवर बसली ती एकदम गप्प. ती कुणाकडेच बघत नव्हती. मी फोटो काढला. प्रिंट तयार झाल्यावर त्याच्या मागे पेन्सिलीनं दोन्ही बहिणींची नावं लिहिली, कुणाचा फोटो, कुणासाठी काढला, साल. थोरल्या भावाला ते आवडलं नाही. पण मावशी म्हणाली, ‘असू द्या की. मी पण आहेच की तिथं.’ पुष्कळ वर्षांनी एक तरुण तोच फोटो मोठा करायला घेऊन आला. फ्रेम उघडली, मागचं त्याला वाचून दाखवलं. त्याला ही मावस-आजी होती हेच ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओतून एकही फोटो मागे नाव लिहिल्याशिवाय बाहेर गेलेला नाही.

बायकांच्या नावांची अडचण सर्वांत मोठी. पुरुषाचं नाव निदान सातबाऱ्यावर, आमच्याकडे पहाणीवर सापडतं. बाईच्या फोटोमागे ‘अमुकरावांची मंडळी’ एवढंच. घरी विचारलं तर, ‘आजीला सगळे थोरली म्हणायचे’, किंवा ‘अव्वा’, किंवा ‘काकी’. लग्नात नाव बदललेलं, माहेर सुटलेलं, माहेरचं नाव माहीत असणारा भाऊ कधीच गेलेला. मी बाई असल्याचा इथे उपयोग झाला. माजघरात बसून, भाजी निवडता निवडता सासवासुना मला नावं सांगत. नवऱ्यांना, मुलांना माहीत नसलेली नावं घरातल्या सर्वांत धाकट्या जावेला माहीत असायची, कारण म्हाताऱ्यांचं शेवटचं दुखणं तिनंच काढलेलं असायचं. आता मी गिऱ्हाइकाला सांगतेच, की घरात जी सून सर्वांत जास्त घरी असते तिला घेऊन या.

आता मोबाइलवर जुना फोटो टाकला की तो रंगीत होतो, डोळे मिचकावतो, हसतो. पोरं मला कौतुकानं दाखवतात. त्या रंगीत चेहऱ्यावर व्रण नसतात, चीर नसते, कोटाचं वेगळं बटण नसतं. फाटून गेलेला कोपरा यंत्रानं कुठल्या तरी हजारो परक्या चेहऱ्यांवरून भरलेला असतो. हौस म्हणून करा, पण मूळ फोटो फेकू नका. गेल्या काही वर्षांत ‘स्कॅन झालाय की’ म्हणून मूळ प्रती कचऱ्यात गेल्याचं मी वारंवार ऐकते, आणि पुठ्ठ्यामागची ओळ स्कॅन कुणीच केलेली नसते.

म्हणून हे लिहिते आहे. दिवाळीच्या सफेदीला भिंतीवरचे फोटो उतरवाल तेव्हा एकदा उलटे करून बघा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट कॉपी करून घ्या. मागे नाव नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मऊ पेन्सिलीनं, दाब न देता लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. माणसाचं नाव, बाईचं असेल तर माहेरचं नावसुद्धा, गाव, तालुका, साल, आणि फोटो कुणाकडून आला. मराठी, कानडी, उर्दू, ज्या लिपीत हात चालेल त्या लिपीत लिहा. १९४८ च्या आधीची माणसं ज्यांनी पाहिली, ते आमच्या गावांत आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.